एकशे तीस किलोंचा राजा

पेद्रा लिझा, १२ मार्च २००७

प्रिय झेनाईदताई,

कार्निव्हल संपून तीन आठवडे झाले तरी घरात चमकी सापडतेच आहे. परवा तर घेवड्याच्या आमटीत सापडली. मारिल्दा म्हणाली, "पुरे झालं हे राजेपण, यंदाचं शेवटचं." गेली अकरा वर्षं ती हेच म्हणते आणि मी मान डोलावतो. पण यंदा बायकोच्या बाजूला एक डॉक्टर उभी राहिली आहे, म्हणून तुला लिहितो. तू विचारशील, फोन का नाही केलास? अगं, पोस्टाच्या खिडकीत जन्म घालवला आणि सख्ख्यासारख्या चुलतबहिणीला फोन करू? माझा शिक्का माझ्याकडे बघून हसेल.

आधी राज्याची खबर. यंदा कॉफीच्या गोदामातल्या काट्यावर माझं वजन भरलं एकशे अठ्ठेचाळीस. एकशे तीस किलोंच्या खाली कार्निव्हलचा मोमो राजा होता येत नाही हा आपल्या गावाचा नियम, आणि मी तर अठरा किलो वरच! तो क्लेबेर, टायरवाल्याचा मुलगा, त्यालाही राजा व्हायचंय. पोरगं एकशे पंधराला अडकलं आणि रडवेलं होऊन खाली उतरलं. मग शुक्रवारी महापौरांनी गावाची किल्ली माझ्या हातात दिली, चार दिवस माझा हुकूम चालला, कार्निव्हल संपतो त्या राखेच्या बुधवारी किल्ली परत. तुमच्या कुरितिबात कार्निव्हलला लोक घरात बसून कपाटं आवरतात म्हणे. देव तुमचं भलं करो.

आता दुखणं. गुडघे बोलायला लागलेत. खिडकीशी उभं राहवत नाही. बेलो ओरिझोन्तच्या इस्पितळातली डॉक्टर लुसिया म्हणते, वजन उतरवायचं ऑपरेशन करून घ्या. तिच्याकडे दोन प्रकार आहेत. तिसराही आहे, पोट उभं कापून केळ्याएवढं ठेवायचं. पण तो नवा आहे आणि तिकडे अजून करत नाहीत. पहिला म्हणजे बायपास, जो तू केलास. पोट अंड्याएवढं ठेवायचं, आतडं उचलून त्याला जोडायचं, आणि मग परत फिरायची वाट नाही. दुसरा म्हणजे पट्टा. पोटाच्या वरच्या अंगाला एक रबरी पट्टा बांधतात आणि कातडीखाली एक बटण ठेवतात. बटणात सुईनं पाणी भरलं की पट्टा घट्ट, काढलं की सैल.

सैल, ताई! अख्ख्या वैद्यकशास्त्रात कार्निव्हलचा विचार करणारं हे एकच यंत्र. वर्षभर घट्ट ठेवायचा, राजपदाची वेळ आली की पाणी काढून घ्यायचं, खायचं, काट्यावर चढायचं, राज्य करायचं आणि बुधवारी पुन्हा घट्ट. डॉक्टरला हे अजून सांगितलेलं नाही. तुला म्हणून सांगतो, माझं ठरल्यातच जमा आहे. तरी तुझं मत कळव.

गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. सोमवारच्या मिरवणुकीत राजाच्या नव्या बुटात एक खिळा वर आलेला होता. मी त्याच्यावर तीन तास नाचलो! घरी येऊन मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. कळलंसुद्धा नाही. राजाला दुखत नाही, काय समजलीस?

तुझा,
ओदिलोन

कुरितिबा, २५ मार्च २००७

राजेसाहेब,

पत्र मिळालं. शाळेत परीक्षा चालू आहेत, त्यामुळे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसूनच लिहिते. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तू मत विचारलंस पण ठरवून टाकलंस, हे आपल्या घराण्याला धरूनच झालं. तरी बायपासबद्दल सांगते, कारण तुला वाटतं तितकं ते सोपंही नाही आणि वाईटही नाही. चार वर्षं झाली. चार चमचे भात, बोटभर मासळी, की झालं माझं जेवण. रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या आयुष्यभर. मागच्या नाताळात पेरूच्या वडीचा एक तुकडा जास्त खाल्ला, तर घाम फुटला, छाती धडधडली आणि मी पाहुण्यांसमोर सोफ्यावर आडवी झाले. दोन घोट वाइन घेतली की जीभ सुटते, आणि आमच्या शिक्षकांना ते फार आवडतं. केस गेले, पुन्हा आले. हातांचं कातडं लोंबतं. पण मी दुसऱ्या मजल्यावर वर्ग बघायला चढून जाते, आणि माझी साखर, जी दहा वर्षं औषधांना दाद देत नव्हती, ती ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यातच खाली बसली. वजन उतरायच्या आधी. डॉक्टरांनी सांगितलं होतं असं होईल म्हणून, पण माझा विश्वास नव्हता.

पट्ट्याबद्दल मला फार माहिती नाही. माझ्या एका सहशिक्षिकेनं बसवला होता. तो सरकला, मग काढून टाकावा लागला. सगळ्यांचं तसं होत नसेल.

आता त्या खिळ्याचं बघू. तू ती गोष्ट फुशारकीनं सांगितलीस आणि मी पुन्हा पुन्हा वाचली. ओदिलोन, पायात खिळा गेला आणि तीन तास कळलं नाही, तर तो पराक्रम नाही. साखरेनं माझ्या आईच्या पायाचं असंच झालं होतं. तुझी साखर किती आहे? पत्रात गुडघ्यांना अख्खा परिच्छेद आणि साखरेचं नाव नाही.

उत्तर दे. मारिल्दाला माझा नमस्कार सांग.

झेनाईद

पेद्रा लिझा, १० एप्रिल २००७

ताई,

तू शाळेत पोरांनाही अशीच पकडत असशील. साखर थोडी आहे. कोणाला नसते? आपल्या गावात वयाच्या पन्नाशीनंतर साखर नसेल तर लोक विचारतात, बाबा रे, काही आजारी आहेस का? जखम भरत आली आहे. थोडी चिघळली होती, मारिल्दा रोज धुते. तू तिला काही लिहू नकोस.

मला वाटतं तुझा असा समज झालाय की मी हौसेसाठी मुकुट धरून बसलोय. तसं नाही. हे मी कोणाशी बोललेलो नाही, तुला लिहितो.

मी बसमध्ये चढलो की शेजारची माणसं पिशवी मांडीवर घेतात. पोस्टात लोक हळूच म्हणतात, हत्तीच्या खिडकीला रांग कमी आहे, तिकडे जा. माझ्या मापाची खुर्ची दोन वेळा मागितली. साहेब म्हणाले, खुर्चीपेक्षा तुम्हीच माप बदला. सगळे हसले, मीही हसलो. वर्षभर मी माझ्या अंगाची माफी मागत फिरतो, ताई. आणि मग एका रविवारी मी काट्यावर चढतो, कार्निव्हल समितीचे अनीझिओकाका आकडा वाचतात, आणि तेच लोक टाळ्या वाजवतात. जितका जड तितका आनंद! चार दिवस लहान पोरं माझ्या पोटावर डोकं टेकून फोटो काढतात. साहेबांची बायको माझ्यासमोर गुडघा वाकवते. हे सगळं मी कापून टाकू? शेजारच्या गावचा राजा बारीक झाला, कपड्यांत कापूस भरून आला, आणि लोकांनी त्याच्यावर असे शेरे मारले की बिचाऱ्यानं गाव सोडलं. कापसाचा राजा मी होणार नाही.

पट्टाच. तीन जूनच्या आठवड्यात डॉक्टरकडे जायचंय, तेव्हा सांगून टाकतो.

ओदिलोन

कुरितिबा, २२ एप्रिल २००७

ओदिलोन,

खुर्चीचं वाचून तुझ्या साहेबांना दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. ते मी करू शकत नाही. हत्तीच्या खिडकीचं वाचून रडले. तेही इथे कोणाला सांगितलेलं नाही.

आता एवढंच सांग. "थोडी" हा आकडा नाही. मी आकडा विचारला होता.

आणि मुकुट कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हे ठरवताना, तो ज्या दोन पायांवर उभा राहणार ते मोजायला विसरू नकोस. मी मारिल्दाला लिहिणार नाही. तू सांगशील तिला.

झेनाईद

पेद्रा लिझा, ९ जून २००७

ताई,

मी सात आठवडे लिहिलं नाही. तू रागावली असशील. मीही रागावलो होतो, तुझ्यावर नाही, तरी तुझ्यावरच. आकडा उपाशीपोटी दोनशे ऐंशी. झालं समाधान?

डॉक्टर लुसियाकडे जाऊन आलो. मारिल्दा बरोबर होती. मी माझी पट्ट्याची योजना अगदी दिमाखात मांडली, सैल केव्हा, घट्ट केव्हा, सगळं. डॉक्टर हसली नाही. तिचा जन्म ओलिंदाचा, कार्निव्हलचं गांभीर्य तिला कळतं. तिनं कागदावर हिशोब मांडला. म्हणाली, "महाराज, जानेवारीत सैल करून भागणार नाही. एकशे तीसला परत पोचायचं तर सप्टेंबरपासून खायला लागेल. म्हणजे सहा महिने उतरायचं आणि सहा महिने चढायचं. दर वर्षी. पट्टा सरकला तर मला पुन्हा कापावं लागेल. आणि तुमच्या साखरेला यातलं काहीच कळणार नाही, ती आपली वरच राहील."

मी म्हणालो, "साखरेचं सोडा डॉक्टर, मला काही होत नाही. मी खिळ्यावर नाचलोय."

"खिळ्यावर?" ती म्हणाली. "बूट काढा."

मला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, "मी पायाला नायलॉनचा एक कडक दोरा टोचणार आहे. टोचला की 'हो' म्हणा." मी पडून राहिलो. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी कोणाला तरी टोकन नंबर सांगत होतं. मी वाट बघतोय, वाट बघतोय. शेवटी म्हणालो, "डॉक्टर, सुरू करा की!"

डोळे उघडले तर डॉक्टर दोरा डबीत ठेवत होती. म्हणाली, "झालं."

मारिल्दा भिंतीला टेकून उभी होती. ताई, मी तिला अकरा वर्षं चमकी झाडताना पाहिलंय, वैतागताना पाहिलंय, पण घाबरलेली पहिल्यांदा पाहिली. बसमध्ये परत येताना गावाच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "मला राजा नको रे, मला तू चालता फिरता हवास." आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

बायपासला हो म्हटलं आहे. ऑगस्टमध्ये तारीख मिळेल. आज संमतीच्या कागदावर सही करताना तीनदा पेन खाली ठेवलं, हे तुला खोटं सांगणार नाही. मी कापून घ्यायला घाबरत नाही. उठल्यावर मी कोण असेन, त्याला घाबरतो.

ओदिलोन

कुरितिबा, १८ जून २००७

प्रिय ओदिलोन,

बरं केलंस.

उठल्यावर तू कोण असशील ते मला ठाऊक नाही. मी काय झाले तेवढं सांगते. पूर्वी मी वर्गाच्या दारात उभी राहिले की दार भरून जायचं आणि पन्नास पोरं एकदम गप्प. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी शिरले तर कोणी वर बघितलंच नाही. मला ओरडावं लागलं. घरी येऊन मी माझे जुने झगे बाहेर काढले आणि एकात दोनदा मावेन अशी उभी राहिले, आणि मला त्या जाड बाईची फार आठवण आली. ती माझी होती ना, इतकी वर्षं. हे होईल. त्याचं वाईट वाटलं तर वाटू दे, कोणाची परवानगी नको.

मग हळूहळू दुसरा आवाज सापडला. आता मी न ओरडता पोरं गप्प बसतात. कशी, ते मलाही नीट सांगता येत नाही.

इस्पितळात जाताना ढिली चड्डी ने आणि वाचायला काहीतरी ने. पहिले दिवस नुसती पेज आणि पाणी, तेही घोट घोट. तहान मात्र छळते. मारिल्दाला सांग, त्याची कितीही दया आली तरी चीजचे पाव त्याच्यासमोर भाजू नकोस, वास आत जातो.

तुझीच,
झेनाईद

पेद्रा लिझा, ४ ऑक्टोबर २००७

ताई,

जिवंत आहे. फोनवर मारिल्दानं तुला सांगितलंच, पण लेखी कळवणं हे माझं सरकारी कर्तव्य.

सत्तावीस किलो गेले. साखर एकशे दहा, अर्ध्या औषधावर. तू म्हणालीस तसंच झालं, वजनाच्या आधी साखर बसली. मी तिसऱ्या दिवशी नर्सला म्हणालो, तुमचं यंत्र बिघडलंय. पायाचं काही बदललेलं नाही. डॉक्टर म्हणते, गेलेलं परत येईलच असं नाही, पण आणखी जाणं थांबवू. रोज संध्याकाळी मारिल्दा तळवे तपासते, पोस्टात पाकिटं तपासतो तशी, उलटसुलट.

मग अनीझिओकाकांकडे गेलो. ते कार्निव्हल समितीचे अध्यक्ष, माहीतच आहे. म्हटलं, काका, यंदा माझं वजन भरणार नाही. काकांनी मिशी कुरवाळली, आवाज खाली आणून म्हणाले, "थोडा कापूस...?" मी उठलोच. तर म्हणाले, "बस रे, विचारून बघितलं. समितीतल्या सगळ्यांनीच सांगितलं होतं तू नाही म्हणशील, मी पैज हरलो." मग त्यांनी मला मिठी मारली, आणि त्यांचे हात पाठीमागे एकमेकांना लागले. त्यांचेही डोळे भरले, माझेही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे हात लागले.

सही केल्याचा पस्तावा नाही. पण परवा दुकानाच्या काचेत मला एक सैल कातडीचा उदास म्हातारा दिसला, आणि मी त्याला वाट द्यायला बाजूला झालो.

ओदिलोन

कुरितिबा, १५ ऑक्टोबर २००७

ओदिलोन,

त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. मला त्याची बहीण भेटली होती, माझ्या काचेत. आता आमचं बरं चाललंय.

यंदा राजा कोण होतोय?

झेनाईद

पेद्रा लिझा, २१ जानेवारी २००८

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन महिने लागले, कारण उत्तर काल ठरलं.

क्लेबेर डिसेंबरात माझ्या खिडकीशी आला. पत्र नव्हतं, पाकीट नव्हतं. म्हणाला, "ओदिलोनकाका, एकशे अठराला आहे. वर कसं जायचं? तुम्ही काय खायचात?" मी विचारलं, तू काय खातोस? आटवलेल्या दुधाचे डबे, म्हणाला, रोज, चमच्यानं, वर्कशॉपमध्ये. झोपताना पावाबरोबर चरबी. सव्वीस वर्षांचा आहे तो. त्याच्या आईला साखर, आजीला साखर. मी म्हटलं, कशाला एवढा जीव धोक्यात घालतोस? तर मान खाली घालून म्हणाला, "काका, मला वर्कशॉपमध्ये सगळे डुक्कर म्हणतात. तुम्हाला माहीत नाही कसं असतं ते." मला माहीत नाही म्हणाला, ताई! मी समोर उभा, शर्ट खांद्यावरून घसरलेला, आणि पोरगं मला बारीक माणूस समजून बोलत होतं.

खाऊ नकोस म्हणायला तोंड नव्हतं. अकरा वर्षं मीच तर त्याला दाखवलं, काट्यावर चढलं की डुकराचा राजा होतो. खा म्हणायला जीभ वळली नाही. पोस्टाची दोन तिकिटं दिली आणि पाठवून दिलं.

काल वजनाचा रविवार. समितीनं मला मान दिला, म्हणाले, यंदा आकडा माजी राजा वाचेल. गोदामाचा तो जुना काटा, वजन दांडीवर सरकवत न्यायचं, आकडे फक्त वाचणाऱ्याच्या बाजूला. सगळं गाव आलेलं. बँडवाले तयार. क्लेबेर वर चढला तेव्हा धाप लागली होती, पोट पाण्यानं तट्ट. शर्ट काढला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

मी वजन सरकवत गेलो. दांडी तरंगली ती एकशे चोवीसवर.

एकशे चोवीस म्हणजे काय ते मला कळतं. घरी जायचं आणि आणखी एक वर्ष डबे खायचे. पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून आठ दिवसांत सहा किलो ढोसायचे, तसंही पूर्वी झालेलं आहे. शेजारी अनीझिओकाका उभे होते, समितीचे साक्षीदार म्हणून, आणि त्यांनी दांडी पाहिली. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मग चष्मा काढला, रुमालानं पुसला, आणि खिशात ठेवून दिला.

मी छाती भरून ओरडलो, "एकशे एकतीस!"

काय आवाज झाला, ताई. बँड वाजायला लागला. लोकांनी टोप्या उडवल्या. क्लेबेरनं डोळे उघडले आणि दांडीकडे पाहिलं. तो टायरवाला आहे, काटे वाचता येतात त्याला. मग माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण त्या गोंगाटात त्याला मी बोलूच दिलं नाही. त्याला मिठी मारली. माझे हात त्याच्या पाठीमागे पोचले नाहीत. त्याच्या कानाशी म्हणालो, "एकशे चोवीस भरलंय, राजा. आजपासून डबे बंद. पुढच्या वर्षी एकशे दहा घेऊन ये. मी एकशे तीसच वाचेन."

तुझा भाऊ,
ओदिलोन